चौकुळचा चतुर आणि आपल्या विहिरीचा कठडा



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही दोघे-तिघे देऊळघाटला गेलो होतो. काम वेगळेच होते, ते लवकर आटोपले, म्हणून पैनगंगेच्या काठाने जरा फिरलो. तेथे एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा दोऱ्याला चतुर बांधून फिरवीत होता. आम्ही म्हटले, "बाबू, हे काय?" तो म्हणाला, "हे हेलिकॉप्टर हाये." आमच्यातल्या एकाने सहज विचारले, "कोणत्या जातीचं?" त्यावर तो आमच्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "हेलिकॉप्टरले जात रायते का?"

आम्ही हसलो. पण परतीच्या वाटेवर लक्षात आले की त्या पोराच्या प्रश्नाचे नीट उत्तर आमच्यापैकी कोणालाही देता आले नसते. दोरा सोडायला लावला एवढेच. मग थोडे वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे कळले ते सभासदांपुढे ठेवावे असे वाटले. ऊसलागण, खोडवा, पाणीपट्टी हे विषय नेहमीचेच आहेत. ते या अंकात अन्यत्र आहेत.

तर, हेलिकॉप्टरला जात असते. जगात चतुर आणि टाचण्या मिळून सहा हजारांहून अधिक जाती आतापर्यंत नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या देशात पाचशेच्या आसपास आहेत. चतुर म्हणजे बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवणारा, दणकट अंगाचा. टाचणी म्हणजे काडीसारखी बारीक, डोळे एकमेकांपासून दूर असलेली. बहुतेक टाचण्या बसल्या की पंख पाठीवर मिटून घेतात. दोघांचे घराणे एकच, आणि फार जुने. या घराण्याचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वी उडत होते आणि त्यांतल्या काहींच्या पंखांचा पसारा दोन फुटांच्या वर होता. आजचा चतुर त्या मानाने चिमुकला, पण शिकारीत तरबेज. चारही पंख वेगवेगळे हलवता येतात, त्यामुळे जागच्या जागी थांबतो, मागे सरकतो, गर्रकन वळतो. एकेका डोळ्यात हजारो बारीक भिंगे, मोठ्या जातींत तीस हजारांपर्यंत. शंभर वेळा झेप घेतली तर नव्वदाहून अधिक वेळा भक्ष्य हातात येते असे प्रयोगात दिसून आले आहे. वाघालासुद्धा हे जमत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, आंबोलीच्या शेजारी चौकुळ नावाचे गाव आहे. 2022 साली या गावाचे नाव जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले. शंतनू जोशी, हेमंत ओगले आणि दत्तप्रसाद सावंत या तिघांनी मिळून 'झूटॅक्सा' या नियतकालिकात एका नव्या चतुराचे वर्णन प्रसिद्ध केले. हे नियतकालिक न्यूझीलंडमधून निघते आणि जगभरच्या नव्या प्राण्यांची वर्णने छापते. त्या चतुराचे नाव ठेवले 'बर्मागोम्फस चौकुळेन्सिस'. पहिला शब्द घराण्याचा, आपल्या आडनावासारखा. दुसरा त्याचा स्वतःचा, आणि अर्थ सरळ आहे : चौकुळचा.

या तिघांपैकी ओगले यांच्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. ते आंबोलीचे. त्यांची ओळख निसर्गअभ्यासक म्हणून आहे. वर्षानुवर्षे त्याच डोंगरात, त्याच ओढ्यांवर फिरून फुलपाखरे, बेडूक, चतुर पाहणारा माणूस. साताऱ्याचे मिलिंद भाकरे यांच्याबरोबर त्यांनी पश्चिम घाटातल्या फुलपाखरांवर 2018 साली एक मार्गदर्शक पुस्तकही काढले आहे. पाहणारा गावाजवळचा आणि शास्त्राच्या कसोट्या जाणणारा जोडीला, अशी जोडी जमली की काम होते. एकट्या प्रयोगशाळेत बसून चौकुळच्या ओढ्यावरचा चतुर सापडत नाही, आणि एकट्याने ओढ्यावर बसून तो नवा आहे हे सिद्ध करता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, यात शोध कसला? तो चतुर तर तिथे होताच. गावातल्या गुराख्यानेही पाहिला असेल.

शंका रास्त आहे. पाहिला असेलच. पण पाहणे आणि ओळखणे यांत मोठे अंतर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोरून खोडकिड्याचा पतंग उडून गेला असेल. तो पतंग, त्याची अंडी, पोंग्यात शिरणारी अळी आणि वाळलेला पोंगा या साऱ्यांची सांगड जेव्हा कोणी घातली तेव्हाच त्याच्यावर उपाय निघाला. चतुराचेही तसेच. नवी जात म्हणायची तर आधीच्या सगळ्या जवळच्या जातींशी एकेक अवयव ताडून पाहावा लागतो. छातीवरचे पट्टे, पंखांतल्या शिरांची जाळी, चेहऱ्याचा रंग हे तर पाहायचेच. पण खरी पारख होते ती नराच्या शेपटीच्या टोकाशी. तिथे चिमट्यासारखे अवयव असतात. मिलनाच्या वेळी नर या चिमट्याने मादीची मान पकडतो (टाचणीत मानेच्या थोडे मागे). दोन चतुर एकमेकांना जोडून पाण्यावरून उडताना आपण सर्वांनी पाहिले आहेत, ते हेच. कुलुपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसा एका जातीच्या नराचा चिमटा साधारणपणे त्याच जातीच्या मादीला नीट बसतो. म्हणून दोन चतुर रंगाने भावाभावांसारखे दिसले तरी चिमट्याची घडण वेगळी असेल तर शास्त्रज्ञ कान टवकारतो. शिवाय नराच्या पोटाखाली, शेपटीच्या दुसऱ्या पेऱ्याशी, आणखी एक अवयव असतो. तोही सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

एवढे झाल्यावर एक नमुना ठरवायचा, ज्यावर त्या नावाचा शिक्का बसतो. तो संग्रहालयात जपून ठेवायचा. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने तो काढून तपासावा. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड असतो ना, तसा हा नमुना. मग मापे, चित्रे, छायाचित्रे यांसह लेख लिहायचा, तो दुसऱ्या जाणकारांनी तपासायचा, चुका काढायच्या, आणि मग छापायचा. छापल्यावरच नाव खरे. तोवर ती फक्त बातमी.

चौकुळच्या चतुराचे घराणे गोम्फिडी नावाचे आहे. या घराण्यातल्यांचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटत नाहीत, मध्ये फट राहते. पुष्कळांच्या शेपटीचे टोक गदेसारखे फुगीर असते. सह्याद्रीतले यांतले बरेच जण पावसाच्या तोंडावर पाण्याबाहेर येतात आणि थोडेच दिवस दिसतात. नेमके तेव्हा पाऊस, धुके, जळवा. तुम्ही-आम्ही घरात. पाहणारा घराबाहेर पडला नाही तर तो चतुर वर्षभर पुन्हा दिसत नाही. असे प्राणी इतकी वर्षे नजरेआड का राहिले, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

उरलेले निम्मे उत्तर दुसऱ्या एका चतुरात आहे, आणि हा आपल्या घरचा आहे.

उन्हात विहिरीच्या कठड्यावर, हौदाच्या भिंतीवर, दगडी पायऱ्यांवर करड्या-काळ्या ठिपक्यांचा एक चतुर बसलेला असतो. भिंतीला इतका चिकटून बसतो आणि दगडाच्या रंगात इतका मिसळतो की हात टेकायला जावे आणि भिंतीचा तुकडाच उडून जावा असे वाटते. याचे नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. 1842 मध्ये राँबूर नावाच्या फ्रेंच संशोधकाने त्याला नाव दिले. साध्या सिमेंटच्या टाकीतही वाढतो, त्यामुळे देशभर सर्रास आढळतो. इतका सर्रास की कोणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. कोकणच्या किनारपट्टीतही असाच चतुर कातळांवर बसतो. तो पाहिला की लोक म्हणत, हा तोच. जोशी आणि सावंत या दोघांनी तो बारकाईने पाहिला, आणि 2020 साली दाखवून दिले की कोकणात एक निराळीच जात आहे. तिचे नाव ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 मध्ये, याच दोघांनी सिंधुदुर्गातल्या विमलेश्वरच्या पाणथळीतून एक नवी टाचणीही जगापुढे आणली होती, सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स.

पुढे 2021 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या ठोसेघरची पाळी आली. ठोसेघरचा धबधबा पाहायला आपल्यातले पुष्कळ जण गेले असतील. तिथल्या ओढ्यावरची टाचणी युफिया ठोसेघरेन्सिस या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच लेखात केरळातल्या वायनाडची आणखी एक नवी टाचणी होती. लेखकांत साताऱ्याचे श्रीराम भाकरे होते आणि तिरुवनंतपुरमचे कलेश सदाशिवन होते. हे सदाशिवन व्यवसायाने शल्यचिकित्सक, प्लास्टिक सर्जन आहेत. पोटापाण्याचा धंदा एक आणि ध्यास दुसराच.

डॉक्टर आणि चतुर यांचे हे नाते नवे नाही. गेल्या शतकात फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर नावाचे एक लष्करी डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. नोकरी शस्त्रक्रियेची, पण वेळ मिळेल तेव्हा ओढ्यानाल्यांवर चतुर गोळा करायचे. त्यांनी हिंदुस्थानातल्या चतुरांवर तीन जाड खंड लिहिले. ते 1933, 1934 आणि 1936 साली निघाले, आणि आजही नव्या जातीचा दावा करणाऱ्याला आधी ते उघडावे लागतात. त्यांच्याच काळात विलायतेत फ्रँक लेडलॉ म्हणून आणखी एक डॉक्टर याच छंदात होते. लेडलॉ यांनी 1920 मध्ये एका टाचणीला फ्रेझर यांचे नाव दिले, युफिया फ्रेझरी. फ्रेझर यांनी 1924 मध्ये एका चतुराला लेडलॉ यांचे नाव देऊन परतफेड केली, बर्मागोम्फस लेडलॉई. दोघेही 1963 साली वारले. गंमत अशी की ठोसेघरची टाचणी युफियाच्याच घराण्यातली आणि चौकुळचा चतुर बर्मागोम्फसच्याच. त्या दोन डॉक्टरांनी ज्या वाटेवर दगड रोवले, त्याच वाटेने शंभर वर्षांनी आपली माणसे पुढे गेली.

आणखी एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोळ्यानंतर शेतावर, खळ्यावर, मोकळ्या मैदानावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे फिरताना आपण पाहतो. बसत नाहीत, नुसते भिरभिरतात. याचे नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. मालदीव बेटांवर राहणारे चार्ल्स अँडरसन हे समुद्री जीवांचे अभ्यासक. बेटांवर उथळ गोडे पाणी जवळपास नाही, तरी दरवर्षी ठराविक दिवसांत हे चतुर लाखोंनी कुठून येतात, हा प्रश्न त्यांना पडला. बरीच वर्षे तारखा लिहून ठेवल्या, आणि 2009 मध्ये त्यांनी मांडले की हे चतुर भारतातून निघून, वाऱ्यावर स्वार होऊन, हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जातात. पुढच्या पिढ्या परत येतात. सगळा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरांचा. आपल्या सोयाबीनवर भिरभिरणारा चतुर आफ्रिकेला जातो, हे एका मासे पाहणाऱ्या माणसाने वहीत तारखा लिहिल्यामुळे कळले!

आता शेतकऱ्याच्या कामाचे काय, हा प्रश्न येणारच. आम्ही अतिशयोक्ती करणार नाही. चतुर उडते किडे खातो. डास, चिलटे, लहान पतंग, तुडतुडे, जे पंखांच्या टप्प्यात येईल ते. उसाच्या चारीवर हिरवट अंगाचा, काळ्या पट्ट्यांचा ऑर्थेट्रम सबिना बसलेला असतो, तो तर दुसऱ्या चतुरालाही खातो. पण चतुर आहेत म्हणून पायरिला जाईल, फवारणी थांबवा, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्याला मित्रकीटक आणि शत्रुकीटक यांची वही ठेवता येत नाही, मधमाशीही त्याच्या तोंडी जाते. मदत होते ती एकंदर हिशेबात. डासांच्या बाबतीत मात्र दोन्ही टोकांनी होते, कारण पाण्यातले त्याचे पिल्लू डासांच्या अळ्यांवर जगते.

हे पिल्लू पाहण्यासारखे असते. चतुराचे खरे आयुष्य पाण्यातले. पंख फुटल्यावर तो काही आठवडे जगतो, पण त्याआधी काही जाती महिना-दोन महिने, काही वर्ष-दोन वर्षे पाण्यात काढतात. तोंडाखाली घडीचा हात असतो, तो झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडायचे. चतुराचे पिल्लू श्वास घेते शेपटीकडून. पाणी आत ओढते, त्यातला प्राणवायू घेते, आणि पळायचे असेल तर तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सुटते. वेळ झाली की रात्री किंवा पहाटे गवताच्या काडीवर चढते, पाठ उकलते, आणि आतून चतुर निघतो. मागे उरते ती पोकळ कात. धरणाच्या कडेला, विहिरीच्या आतल्या भिंतीवर अशा काती चिकटलेल्या दिसतात. पुष्कळ जण त्याला मेलेला किडा समजतात.

आणि इथेच आपला संबंध येतो. चौकुळवाल्या घराण्यातल्या पुष्कळ जातींची पिल्ले वाळूत आणि गाळात पुरून घेतात, शेपटीचे टोक तेवढे श्वासासाठी वर. त्यांना वाळू लागते. नुसते पाणी असून भागत नाही. आपल्या पठारावरच्या वाळवंटाच्या नद्यांकाठी याच घराण्यातला पॅरागोम्फस लिनिएटस सर्वत्र आढळतो, तोही असाच वाळूतून वर येतो. वाळू उपसली की वाळूबरोबर ती पिल्लेही ट्रॉलीत जातात. पैनगंगा इथेच, अजिंठ्याच्या डोंगरात, बुलढाण्याच्या बाजूला उगम पावते. देऊळघाटला ती अजून लहान नदी आहे, आणि लहान नदीची वाळू भरून यायला वेळ लागतो. तिच्या वाळूत काय काय आहे हे कोणी मोजण्याआधीच ती घराच्या भिंतीत गेली तर मोजायचे काय? घरे आपल्यालाही बांधायची आहेत, हे आम्ही विसरलो नाही. तरी प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्याची, म्हणून ती झाकून ठेवणे बरे नव्हे. साखर धंद्यातले मळीमिश्रित पाणी नदी-नाल्यात गेले तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. मासे वर येऊन मरतात ते दिसते, बोंबाबोंब होते. त्याच रात्री तळाशी चतुरांची पिल्ले गुदमरतात, ती कोणाला दिसत नाहीत. आधी ज्या काठावर पाच-सहा प्रकारचे चतुर होते तिथे पुढे एखाद-दुसराच काटक प्रकार उरतो. म्हणून पाण्याची प्रत पाहणारे लोक चतुरांची यादी करतात. कोणत्याही कारखान्याला ही परीक्षा फुकटात घेता येते, आपल्यालाही. सांडपाणी सोडण्याच्या जागेच्या वर आणि खाली, एकाच दिवशी, एकेक तास बसून प्रकार मोजावेत. आकडे काय येतील ते येवोत, या पत्रिकेत छापावेत असे आमचे मत आहे.

एक लहानशी गंमत. चतुर पाणी ओळखतो ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट उजेडावरून. म्हणून ट्रॅक्टरच्या चकचकीत बॉनेटवर एखादी मादी शेपटी टेकवताना दिसते. ती बिचारी अंडी घालते आहे! काळ्या प्लास्टिकवरही तशीच फसते. शेततळ्यात पाणी असेल तर ठीक, अंडी कामी येतात. नुसता कागद पसरून पावसाची वाट पाहत असाल तर ती अंडी वाया.

ज्यांना हे पाहायची हौस वाटेल त्यांच्यासाठी थोडे. सकाळी ऊन तापल्यावर, म्हणजे नऊनंतर जावे. पकडू नये, दोरा बांधू नये. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात पकडायला तर परवानगी लागते. आजकाल प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्याने फोटो काढावा. एकच फोटो पुरत नाही. छातीची बाजू, वरून पंख, समोरून चेहरा आणि शेपटीचे टोक, असे चार तरी हवेत. टोकाचा फोटो नसेल तर जाणकार हात टेकतात. तारीख, वेळ, गाव, आणि पाणी कसले होते, वाहते की साठलेले, वाळूचे की दगडाचे, हे लगेच लिहावे. घरी येऊन लिहू म्हटले की राहते. ओळखता आले नाही तरी वही चालू ठेवावी.

आम्ही पुन्हा एकदा देऊळघाटला जाऊन आलो. तो मुलगा भेटला नाही, शाळेत गेला होता. दोन तास काठावर बसलो. नऊ प्रकार दिसले, त्यांतले सहा ओळखता आले. दोन टाचण्या होत्या, त्या फोटोवरून कळतील. नववा एका वाळूच्या पट्ट्यावर बसला होता, डोळ्यांमध्ये फट असलेला. जवळ गेलो तसा उडाला. फोटो आला आहे, पण शेपटीचे टोक गवताआड गेले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा जाणार आहोत. बरोबर यायचे असेल त्यांनी शेतकी कार्यालयात नाव सांगून ठेवावे.